महामार्ग आणि समांतर रस्त्यावरच्या दिशाफलकांची विसंगती: पाहणी, नोंद आणि दुरुस्तीची मागणी

दिशाफलकांबद्दलची निवेदनं वारंवार एकाच जागी अडतात. निवेदनासोबत एका फलकाचा फोटो असतो आणि तो फलक सुटा पाहिला तर बरोबरच असतो. नाव शुद्ध, बाण योग्य, अक्षरं ठळक. कार्यालय कळवतं की फलक नियमानुसार आहे, आणि त्यात काही खोटं नसतं.

घोळ असतो दोन फलकांच्या मध्ये. महामार्ग सोडताना डोक्यावर शहराचं नाव होतं. रॅम्प (महामार्गाला समांतर रस्त्याशी जोडणारी वाट) उतरून समांतर रस्त्याच्या चौकात आलात, तर तिथे फक्त आसपासच्या वस्त्यांची नावं. ज्या नावाच्या भरवशावर वळलात ते गायब. म्हणून पाहणी फलकांची न करता ठिकाणांची करायची: एक नाव धरायचं आणि ते वाहनचालकाला कुठपर्यंत साथ देतं ते बघायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमानं करा. कॅमेऱ्याचं काम तिसऱ्या टप्प्यात येतं. त्याआधी तो हातात घेतला की पुन्हा सुट्या फलकांचे फोटो जमतात.

टप्पा १: पट्टा आखा आणि निर्णयबिंदू मांडा

नकाशावर तो पट्टा घ्या जिथे महामार्ग आणि समांतर रस्ता सोबत धावतात. सुरुवात दोन्ही रस्ते एकमेकांपासून फुटतात त्याच्या आधीपासून करा आणि शेवट ते पुन्हा जुळतात त्याच्या पुढे. ही आधीची आणि पुढची जागा बहुतेक जण सोडतात. पण कोणत्या रस्त्यानं जायचं हे चालकाला फुटण्याच्या ठिकाणीच ठरवायचं असतं, त्यामुळे तिथला फलक चुकला तर पुढचे सगळे व्यर्थ.

मग निर्णयबिंदू शोधा. जिथे चालकाला दोन किंवा जास्त वाटांतून एक निवडावी लागते ती प्रत्येक जागा निर्णयबिंदू: एक्झिट, रॅम्पचं टोक, चौक, वर्तुळाकार चौक, उड्डाणपुलाखालचं वळण, महामार्गावर परत चढण्याची वाट. प्रत्येकाला खूण द्या. महामार्गावरच्यांना म१, म२. समांतर रस्त्यावरच्यांना स१, स२. रॅम्पवरच्यांना र१, र२. जाण्याची आणि येण्याची दिशा वेगळी धरा, कारण दोन्ही बाजूंचे फलक क्वचितच एकमेकांचे आरसे असतात.

तपासा: तुमच्या यादीत र ने सुरू होणारा एकही बिंदू नसेल तर यादी अपुरी आहे. नावं गळतात ती मुख्यतः रॅम्पच्या टोकाशीच.

टप्पा २: ठिकाणांची यादी, रस्त्यावर जाण्याआधी

या पट्ट्यावरून कोण कुठे जातं याची यादी घरी बसून करा. फलक पाहून यादी केली तर फलकावर जे नाही ते तुमच्याही लक्षात येत नाही. पाहणी फसण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

यादीचे तीन थर करा.

लांबचं ठिकाण म्हणजे महामार्ग ज्या मोठ्या शहराकडे जातो ते. अमेरिकेत याला कंट्रोल सिटी म्हणतात, आणि आंतरराज्य महामार्गांसाठी अशा शहरांची ठरलेली यादी असते. ब्रिटनमध्येही प्रमुख ठिकाणांची यादी आहे. तुमच्या रस्त्यासाठी अशी अधिकृत यादी असेल तर तीच घ्या.

जवळचं ठिकाण म्हणजे पट्ट्यावरचं किंवा लगतचं गाव, उपनगर.

विशेष ठिकाण म्हणजे विमानतळ, रेल्वे स्थानक, मोठं रुग्णालय, बंदर. यांची संख्या आवरा. प्रत्येक संस्थेचं नाव यादीत घेतलं तर पुढचा तक्ता वाचण्यापलीकडे जातो, आणि एवढी नावं मागितलीत तर फलकही.

प्रत्येक नावापुढे त्याचं एकच प्रमाण रूप लिहा. जुनं नाव, नवं नाव, दुसऱ्या भाषेतलं नाव, लिप्यंतरातले फरक हे सगळं बाजूला नोंदवा. बेल्जियममध्ये फ्रेंच भागात 'मॉन्स' असलेलं शहर डच भागातल्या फलकांवर 'बेर्गन' होतं. ठिकाण तेच असतं, पण परक्या चालकाला ते कळण्याचा मार्ग नसतो.

तपासा: यादी त्या भागाची माहिती नसलेल्या माणसाला दाखवा. "हे नाव मला नकाशात सापडेल का?" या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं तर ते नाव फक्त स्थानिकांच्या बोलण्यातलं आहे.

टप्पा ३: फेऱ्या

क्रम असा ठेवा: आधी महामार्ग सरळ, मग समांतर रस्ता सरळ, मग प्रत्येक रॅम्पनं उतरून आणि चढून. शेवटी हेच उलट दिशेनं. रॅम्पच्या फेऱ्या कंटाळवाण्या असतात म्हणून टाळल्या जातात. त्या टाळायच्या असतील तर पाहणी सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडीत किमान दोघं हवेत. चालक फक्त गाडी चालवेल. शेजारचा माणूस निर्णयबिंदूची खूण मोठ्यानं म्हणेल आणि कॅमेरा काचेमागे बसवून सतत चालू ठेवेल. आवाजासह चित्रण असेल तर नंतर कोणता फलक कुठला हे शोधत बसावं लागत नाही.

सावधान: महामार्गाच्या कडेला फोटोसाठी थांबू नका, आपत्कालीन मार्गिकेतही नाही. ताशी १०० किलोमीटर वेगानं येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. चित्रण अस्पष्ट आलं तर पुन्हा फेरी मारा.

प्रत्येक फलकासाठी या गोष्टी टिपा: वरून खाली नावांचा क्रम, बाण, अंतर, रस्त्याचा क्रमांक, पार्श्वभूमीचा रंग, आणि फलक निर्णयबिंदूच्या किती आधी आहे. झाडानं झाकलेला, वाकलेला किंवा दिवसा उन्हाच्या तिरिपेत न दिसणारा फलक 'आहे पण वाचता येत नाही' असा नोंदवा. चालकाच्या दृष्टीनं तो नाहीच, पण त्याचा इलाज वेगळा असतो.

एक फेरी रात्री करा. परावर्तक थर झिजला की वरून चिकटवलेली दुरुस्तीची पट्टी आणि मूळ फलक रात्री वेगवेगळे चमकतात, आणि दिवसा झाकलेलं जुनं नाव कधी कधी पुन्हा दिसू लागतं.

टप्पा ४: तक्ता भरा आणि उभा वाचा

सगळ्या कामाचा गाभा हा. कागदावर आडव्या ओळींत निर्णयबिंदू, चालकाला ते ज्या क्रमानं भेटतात त्या क्रमानं. उभ्या रकान्यांत ठिकाणं. प्रत्येक चौकटीत बाण: सरळ, डावीकडे, उजवीकडे, किंवा रिकामं.

एक नमुना घेऊ. 'क' हे लांबचं शहर, 'ख' हे समांतर रस्त्यावरचं गाव, आणि विमानतळ.

म१ (एक्झिट): क सरळ, ख डावीकडे, विमानतळ डावीकडे.
र१ (रॅम्पचं टोक): क रिकामं, ख सरळ, विमानतळ रिकामं.
स१ (पहिला चौक): क उजवीकडे, ख सरळ, विमानतळ रिकामं.
स२ (दुसरा चौक): क सरळ, ख रिकामं, विमानतळ उजवीकडे.

आडवं वाचलं तर प्रत्येक ओळ ठीक वाटते. कार्यालयात एकेका फलकाचा फोटो पाहिला जातो तेव्हा असंच वाचलं जातं. आता विमानतळाचा रकाना वरून खाली वाचा: डावीकडे, रिकामं, रिकामं, उजवीकडे. महामार्गावरून विमानतळासाठी उतरवलेल्या माणसाला लागोपाठ दोन निर्णयबिंदूंवर वाऱ्यावर सोडलं आहे. दुसऱ्या चौकापर्यंत पोचला तर त्याला फलक भेटेल, पण पोचण्याची हमी कोणी दिलेली नाही.

मात्र प्रत्येक रिकामी चौकट म्हणजे चूक नव्हे. रिकामेपण तीन प्रकारचं असतं आणि ते वेगवेगळ्या खुणांनी नोंदवावं.

ठिकाण मागे पडलं. 'ख' गाव स१ आणि स२ च्या मध्ये असेल तर स२ वर त्याचं नाव नसणं बरोबरच आहे.

त्या ठिकाणी जाणाऱ्याला तिथे वळायचं कारणच नाही आणि मुख्य वाट डोळ्यांना स्पष्ट दिसते. अशी जागा चालते, पण मनानं ठरवू नका. अनोळखी माणसाला चित्रण दाखवून विचारा.

नाव गळलं. ठिकाण पुढे आहे, वाटा दोन आहेत आणि फलक गप्प आहे. आपण शोधतो ती हीच चौकट.

'क' चा रकाना आणखी बोलका आहे. स१ वर उजवीकडे, म्हणजे महामार्गावर परत चढायला सांगितलं. स२ वर सरळ, म्हणजे समांतर रस्त्यानंच जायला सांगितलं. पुढे आणखी एक चढरॅम्प असेल आणि 'सरळ' तिथे नेत असेल तर हे योग्य आहे. तसा रॅम्प नसेल, तर एक फलक चालकाला वेगवान रस्त्यावर पाठवतो आणि चारशे पावलांवरचा दुसरा फलक सगळे सिग्नल मोजत शहरात नेतो. म्हणून शंका आली की तक्त्यात एक ओळ पुढची जोडा आणि मगच निष्कर्ष काढा.

टप्पा ५: विसंगतीला नाव द्या

"फलक गोंधळात टाकतात" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. तक्त्यात सापडलेली प्रत्येक गोष्ट खालीलपैकी एका खणात घाला.

गळलेलं नाव: वर सांगितलं तेच. एकदा फलकावर आलेलं नाव ते ठिकाण येईपर्यंत पुढच्या प्रत्येक निर्णयबिंदूवर दिसलं पाहिजे, मुख्य वाट स्पष्ट दिसते अशी वर सांगितलेली जागा सोडून. अमेरिकेच्या एमयूटीसीडी या नियमावलीत द्रुतगती मार्गांसाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत: लागोपाठच्या फलकांवर ठिकाणांच्या नावांत सातत्य हवं, आणि कोणत्याही निर्णयबिंदूवर एक ठिकाण एकाच वाटेनं दाखवलेलं हवं.

बदललेलं नाव: महामार्गावर शहराचं नाव, समांतर रस्त्यावर त्याच ठिकाणासाठी विभागाचं किंवा चौकाचं नाव. किंवा एकीकडे 'विमानतळ' आणि दुसरीकडे फक्त टर्मिनलचा क्रमांक.

दुहेरी वाट: एकाच जागी एक ठिकाण दोन दिशांना. टोलचा आणि बिनटोलचा असे दोन रस्ते एकाच शहराला जात असतील तर हे चालतं, पण मग फरक फलकावरच लिहिलेला हवा. फ्रान्समध्ये टोलच्या वाटेवर 'पेआज' म्हणजे टोल हा शब्द नावासोबत असतो. फरक न लिहिता तेच नाव दोन्हीकडे टाकलं की ती चूक.

उलटं अंतर: पुढे जावं तसं अंतर वाढणं, किंवा दोन रस्त्यांवर न जुळणारं अंतर. मोजण्याचा बिंदू आधी विचारा. जपानमध्ये तोक्योचं अंतर निहोनबाशी पुलापासून धरतात, लंडनचं परंपरेनं चेरिंग क्रॉसपासून. एका फलकावर शहराच्या हद्दीपर्यंतचं आणि दुसऱ्यावर केंद्रापर्यंतचं अंतर असेल तर दोन्ही आकडे खरे असूनही फलक विसंगत आहेत.

क्रमांक आणि नाव यांची फारकत: महामार्गावर फक्त रस्त्याचा क्रमांक, समांतर रस्त्यावर फक्त गावाचं नाव. क्रमांक पाठ केलेला चालक खाली उतरला की आंधळा होतो. इथे एक चकवा आहे: ब्रिटनमध्ये कंसातला क्रमांक म्हणजे 'हा रस्ता त्या रस्त्याकडे नेतो', तुम्ही त्या रस्त्यावर आहात असं नव्हे. असे संकेत ठाऊक नसतील तर बरोबर फलकाला चूक ठरवाल.

उरलेला जुना फलक: बाह्यवळण सुरू झालं, महामार्गावरचे फलक बदलले, पण समांतर रस्त्यावरचे तसेच राहिले आणि लांबच्या शहराची सगळी वाहतूक गावातून नेत राहिले. शोधायला हा प्रकार सोपा, आणि वेळेत काढला नाही तर अवजड वाहनं अरुंद रस्त्यात अडकवणाराही हाच.

सावधान: सगळा फरक म्हणजे विसंगती नाही. इंग्लंडमध्ये लंडन ते ब्रिस्टल असा जुना ए४ आणि त्याच दिशेचा एम४ मोटरवे आहे. ए४ गावोगावच्या लोकांचा आहे, म्हणून त्याच्या फलकांवर जवळची गावं ठळक असणं स्वाभाविक. मोटरवेवर दूरच्या प्रदेशाचं नाव येतं, तेही स्वाभाविक. महामार्गावरच्या फलकाची नक्कल समांतर रस्त्यावर मागू नका. मागायचं ते एवढंच: एका रस्त्यावरून दुसऱ्यावर आल्यावर हातातलं नाव सुटू नये.

टप्पा ६: नियमाशी ताडून बघा

आपल्या देशाची फलकांची नियमावली मिळवा. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:६७ ही संहिता आहे. अनेक देशांचे नियम १९६८ च्या व्हिएन्ना करारावर बेतलेले आहेत. तरी एका देशाच्या संकेतावरून दुसऱ्या देशाचा फलक जोखू नका, विशेषतः रंगाच्या बाबतीत. फ्रान्समध्ये मोटरवेचे फलक निळे आणि इतर मुख्य रस्त्यांचे हिरवे असतात. सीमा ओलांडून इटलीत गेलात की मोटरवे हिरवा आणि इतर रस्ते निळे. जर्मनीत मोटरवे निळा, संघीय रस्ते पिवळे.

रंग इथे महत्त्वाचा आहे, कारण 'हा बाण मला वेगवान रस्त्यावर नेतो की खालच्या' हे चालक नाव वाचण्याआधी रंगावरून ओळखतो. समांतर रस्त्यावरच्या फलकात महामार्गाकडे नेणारा भाग महामार्गाच्या रंगात आहे का, हे त्या देशाच्या नियमाप्रमाणे तपासा.

नावांची गर्दीही इथेच मोजा. अमेरिकी नियमावली द्रुतगती मार्गाच्या पूर्वसूचना आणि एक्झिटच्या फलकावर दोनपेक्षा जास्त नावं नकोत असं सांगते. तिच्याच हिशेबानं अक्षराच्या १ इंच उंचीमागे ३० फुटांवरून वाचता येतं. म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरचं अक्षर साधारण १४५ मीटरवरून वाचता येतं, आणि ताशी १०० किलोमीटरला तेवढं अंतर जेमतेम पाच सेकंदांत संपतं. या पाच सेकंदांत नाव वाचायचं, बाण बघायचा आणि आरशात मागची गाडीही बघायची असते. गळलेलं नाव जोडा अशी मागणी करताना कोणतं नाव काढायचं हेही त्याच वाक्यात सांगा.

टप्पा ७: मालक शोधा

महामार्ग एका यंत्रणेकडे, समांतर रस्ता स्थानिक संस्थेकडे, आणि रॅम्प? तो कोणाचा हे ठरलेलं असतं, पण दोन्ही कार्यालयांत ते सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. नावं रॅम्पच्या टोकाशी गळतात त्यामागचं खरं कारण हेच. प्रत्येक यंत्रणा आपल्या हद्दीपुरती नीट फलक लावते आणि हद्दीच्या पलीकडे काय लिहिलंय ते बघण्याची जबाबदारी कोणावर नसते.

म्हणून तक्त्याला आणखी एक रकाना जोडा: त्या फलकाचा मालक. खांबावरचा क्रमांक, मागच्या बाजूची खूण किंवा रस्त्याच्या हद्दीचा दगड यांवरून कळतं. न कळल्यास लेखी विचारा. निवेदन पाठवताना दोन्ही यंत्रणांना एकच तक्ता पाठवा आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्या पत्राचा उल्लेख करा. वेगवेगळे कागद पाठवले की दोघंही आपापली दुरुस्ती स्वतंत्रपणे करतात आणि नवी विसंगती उभी राहते.

टप्पा ८: मागणी लिहा, दुरुस्तीच्या क्रमासकट

एक पान पुरे. वर पट्टा आणि दिशा. खाली एकेक विसंगती: बिंदूची खूण, आत्ताचा मजकूर, हवा असलेला मजकूर, प्रकार, मालक. जोडपत्रात तक्ता आणि चित्रणातली स्थिर चित्रं, चालकाला दिसतील त्या क्रमानं. 'जनतेची गैरसोय' वगैरे परिच्छेद नको. तक्त्यातली रिकामी चौकट त्यापेक्षा जास्त पटवते.

दिशाभूल करणारा फलक असेल तर तो बदलेपर्यंत झाकण्याची मागणी वेगळी आणि आधी करा. झाकणं त्याच दिवशी होऊ शकतं, नवा फलक बनायला वेळ लागतो.

आता ज्या ठिकाणी अभियंतेही चुकतात ते: गळलेलं नाव भरण्याचं काम ठिकाणाकडून मागे करत यायचं. आधी ठिकाणाच्या सर्वांत जवळचा बिंदू, मग त्याच्या मागचा, आणि महामार्गावरचा मोठा फलक सगळ्यांत शेवटी. वरच्या नमुन्यात महामार्गावर विमानतळाचं नाव आहे आणि खाली नाही, ही अवस्था नेमकी उलट क्रमानं काम केल्यामुळे येते: मोठा फलक आधी उभा राहतो, छोट्या फलकांचं काम मागे पडतं, आणि मधल्या काळात लोकांना उतरवून सोडून दिलं जातं. नाव कायमचं काढायचं असेल तर क्रम पुन्हा उलटा: महामार्गावरून आधी, ठिकाणाजवळून शेवटी, म्हणजे वाटेत असलेला कोणी अडकत नाही.

तपासा: मागणीतला प्रत्येक नवा मजकूर तक्त्यात घालून रकाने पुन्हा उभे वाचा. एक नाव सुधारताना दुसरं तुटलं नाही ना?

टप्पा ९: काम झाल्यावर

नवे फलक लागले की त्याच तक्त्यावर त्याच क्रमानं फेऱ्या मारा, रात्रीची धरून. जुने फलक काढले गेले का हे वेगळं बघा. नवा उभारण्याचं आणि जुना काढण्याचं काम वेगवेगळ्या कंत्राटांत असलं तर दोन्ही शेजारी शेजारी उभे राहतात.

त्यानंतर तक्ता जपून ठेवा आणि तीन प्रसंगी तो बाहेर काढा: नवा रॅम्प किंवा उड्डाणपूल सुरू झाला, कामासाठी वाहतूक वळवली, किंवा एखाद्या ठिकाणाचं नाव बदललं. वळवलेल्या वाहतुकीचे तात्पुरते फलक हद्द बघत नाहीत. महामार्गावरून 'पर्यायी मार्ग' असं लिहून सगळ्यांना समांतर रस्त्यावर उतरवलं जातं आणि पुढच्या चौकांत लांबच्या शहराचं नाव कुठेच नसतं. अशा वेळी पूर्ण पाहणीची गरज नाही. लांबच्या ठिकाणाचा एकच रकाना घ्या, उतरण्यापासून परत चढेपर्यंतचे बिंदू भरा, आणि तो कागद त्याच दिवशी काम करणाऱ्या यंत्रणेकडे द्या.